दादूसची धाकली

आमचा घरमालक भाडेकरूंना नावानं हाक मारत नसे, गावानं मारी. पहिल्या खोलीत राजापूर, दुसरीत सातारा, तिसरीत पेण आणि चौथीत आम्ही दोघं. आमच्या ह्यांना त्यानं काही विचारलंच नाही. मी टांग्यातून उतरले तशी मला म्हणाला, "पोरी, तू कंची?" मी म्हटलं, ठाण्याची, टेंभी नाक्याची. झालं. त्या दिवसापासून आम्ही उभयता टेंभीनाका. "ए टेंभीनाका, तुझा दूध उतू चाललाय," अशी हाक अंगणातून आली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मॅट्रिकला मराठीत शाळेत पहिली आलेली मुलगी मी. शाळेच्या हस्तलिखितात माझे दोन निबंध आले होते, त्यातला एक वाचून दाखवताना तर बाई स्वतःच रडल्या होत्या. आता वाटतं, कंटाळून रडल्या असतील.

स्वातंत्र्य मिळून पाचेक वर्षं झाली असतील. डोंबिवलीजवळचं कोपर तेव्हा खरोखरच गाव होतं; एका अंगाला खाडी, खाजण आणि मिठागरं, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, आणि त्या खाचरांत नव्यानं उगवायला लागलेल्या आमच्यासारख्यांच्या चाळी. घरमालकाला सगळा गाव दादूस म्हणायचा. आगरी माणसांत मोठ्या भावाला दादूस म्हणतात आणि त्याला अरे-तुरेच करतात. मी पहिल्या दिवशी 'अहो दादूस' म्हटलं, तर तो मागं वळून बघायला लागला, आपल्या पाठीमागं कोण येऊन उभं राहिलंय म्हणून. तेव्हापासून मीही अरे-तुरेवर आले. साठी उलटलेला, काळा कुळकुळीत, ताठ बांध्याचा माणूस. अंगात बंडी, कमरेला रुमाल.

घड्याळ त्याच्या घरात नव्हतं. जन्म मिठागरात गेलेला, तेव्हा त्याचं सगळं खाडीच्या भरती-ओहोटीवर चालायचं. कौल गळतंय म्हणून सांगायला गेलं की म्हणायचा, "भरतीला येतू." भरती रोज पाऊण तासानं पुढं सरकते हे टेंभी नाक्यावर मला कुणी शिकवलं नव्हतं. तो नेमाने भरतीला यायचा, शिडी घेऊन. आणि नेमकी मी तेव्हा केस धूत असायची, नाहीतर हे ताटावर बसलेले असायचे आणि आमटीत वरून माती पडायची.

आमची चाळ जिथं उभी होती ते पूर्वी त्याचंच भातशेत. शेत गेलं तरी राखणीचा माळा त्यानं हलवला नव्हता. बांबूच्या चार उंच पायांवर फळ्या, वर पेंढ्याचं छप्पर. जेवण झालं की तो वर चढायचा आणि आमची राखण करत बसायचा. कुणाच्या घरात मांजर शिरलं, कुणाचं धोतर दोरीवरून उडालं, सगळं वरून ओरडून सांगायचा. भात राखावं तसं आम्हाला राखायचा, म्हणजे पाखरू उतरलं की हाकलायचं. माझ्या मामेभावाला त्यानं दोनदा हाकललं होतं.

आता धाकलीकडे येते. म्हणजे माझ्या मूर्खपणाकडे.

दादूसचं घर आणि आमची खोली यांच्यात एक कुडाची भिंत होती. कुडाला कान नसतात, पण मला होते. एके दिवशी दुपारी पलीकडून दादूसचा आवाज आला, "धाकलीला आज उन्हान घे गं. दमट हवा हाय." दोन दिवसांनी, "धाकलीच्या तोंडान चिंधी नीट कोंब." आणखी काही दिवसांनी, "तिला भायेर नको काढू, शेजारी नवीन मानसा हायेत." मी लसूण सोलत होते, तो तसाच राहिला.

विहिरीवर मी दादूसच्या बायकोला, सगळे तिला वयनी म्हणायचे, आडून आडून विचारलं, घरात आणखी कोण असतं? तिनं पोहरा खाली सोडला आणि म्हणाली, "कोन आसाचा? मी न् माझी सवत."

"सवत?"

"हां. कोपऱ्यान उभी आसते. तिला रोज तेल लावते तो. मना उभ्या जल्मान कंदी लावला नय."

हे ती हसत म्हणाली. ते हसणं मला, वाचलेल्या सगळ्या कथांच्या जोरावर, 'आसवांनी भिजलेलं' दिसलं. माझ्या डोक्यात लख्ख चित्र उभं राहिलं: अंधारी कोठडी, तोंडात बोळा कोंबलेली अभागी तरुणी, वर तेल लावणारा हा म्हातारा. दुसऱ्या कुणाला विचारावं? राजापूरकरीण आमच्या चार महिने आधी राहायला आलेली, तिला विचारलं असतं तर दोन वाक्यांत उलगडा झाला असता. पण मॅट्रिकला मराठीत पहिली आलेली मुलगी लोकांना विचारत नाही, ती लेखणी उचलते. मी कल्याणच्या मामलेदारसाहेबांना चार पानी निनावी अर्ज लिहिला. खाली सही, 'एक समाजहितैषी भगिनी'. धाकली नामक अबलेला डांबून ठेवलं आहे, थोरली पत्नी कठोरहृदयी आहे, आणि त्या अबलेचा करुण हंबरडा भिंतीभिंतींतून झिरपतो, असं सगळं. 'झिरपतो' सुचलं तेव्हा मी उठून आरशात बघितलं होतं.

आमचे हे त्याच कचेरीत बारनिशीला होते. बारनिशी म्हणजे आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारून वहीत नंबर चढवण्याचं काम. टपालानं गेलेला अर्ज ह्यांच्याच टेबलावर पडणार, हे मला सुचायला हवं होतं. पण समाजकार्याच्या भरात असल्या बारीकसारीक गोष्टी राहून जातात. ह्यांची पद्धत आधी शिक्का मारायचा, नंबर चढवायचा आणि मग वाचायचं. त्या दिवशी तिसऱ्या पानावर आल्यावर त्यांना बायकोचं अक्षर ओळखू आलं. पण नंबर चढलेला कागद सरकारचा. तो ब्रह्मदेवालाही मागं घेता येत नाही, मग कारकुनाला कुठला.

संध्याकाळी घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि शांतपणे म्हणाले, "तोंडात बोळा कोंबलेली बाई हंबरडा कसा फोडते?"

"कसला हंबरडा?"

"तिसऱ्या पानावरचा."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. त्यापेक्षा चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी कचेरीतले अव्वल कारकून आले, मामलेदाराच्या खालोखालचा माणूस, आणि बरोबर एक हवालदार. दादूस माळ्यावर होता. निनावी अर्ज आलाय, धाकली नावाची बाई कुठं आहे, असं अव्वल कारकुनांनी खालून दरडावून विचारलं. दादूसचं तोंड असं फुललं, जणू व्याही आले.

"धाकलीला बगाला आलाव? एवऱ्या लांबना?"

तो सरसर उतरला, घरात गेला आणि दोन्ही हातांवर आडवी धरून, वयनीच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेली एक रायफल घेऊन आला. हवालदार अव्वल कारकुनांच्या मागं सरकला. दादूसनं लुगडं सोडलं, नळीच्या तोंडातली तेलकट चिंधी ओढून काढली आणि दस्त्यावरून असा हात फिरवला, जसा खरंच कुणाच्या पाठीवरून फिरवावा. अक्रोडाच्या लाकडाचा तो दस्ता चिंचोक्यासारखा चमकत होता. वयनीनं खुलासा केला, "मी वैशाखान आलू, ही त्याच वर्साचे दिवालीला आली. मंग मी थोरली, ही धाकली. नाव मीच ठेवलाय." आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

मी आत जाऊन डाळीतले खडे निवडायला बसले. डाळ आधीच निवडलेली होती.

तेवढ्यावर संपतं तर बरं होतं. अव्वल कारकूनही हसले, चहा प्यायले, आणि उठता उठता निव्वळ सवयीनं म्हणाले, परवाना दाखवा. दादूसनं बिस्किटांच्या डब्यातून कागद काढला. परवाना पिकाच्या राखणीचा होता. शेतात रानडुकरं शिरतात म्हणून दिलेला. अव्वल कारकुनांनी इकडं तिकडं बघितलं. शेत कुठाय?

दादूसनं आमच्या चार दारांकडं हात केला.

"ही चाळ आहे."

"हां. मंग राखतूच ना मी."

"आजोबा, भाडेकरू हे पीक होत नाही."

हे ऐकून सातारकर दुखावले. अव्वल कारकून मनानं वाईट नव्हते. म्हणाले, भादव्यात परत येतो. शेत दाखवा, मी परवाना पुढं चालू ठेवतो. नाहीतर रायफल कचेरीत आणून जमा करा.

दादूस त्या दिवशी माळ्यावर चढला नाही. ओट्यावर बसून राहिला, मांडीवर रायफल. भरती आली आणि गेली, तरी उठला नाही. मी कुडाला कान लावून होते. पलीकडं कुणीच बोलत नव्हतं. माझ्या अर्जात असलेली ती घुसमटलेली शांतता मी पहिल्यांदाच खरी ऐकली, आणि तिच्यात लिहिण्यासारखं काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं मेहुण्याच्या खाचरातून भाताची रोपं आणली आणि विहीर आणि आमच्या मोऱ्यांची दारं यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा होती तिथं चिखल करून लावणी केली. मी पदर खोचून मदतीला गेले. सगळ्यांना वाटलं, काय गुणाची पोर. मी लावलेली ओळ वाकडी गेली, ती वयनीनं उपटून परत लावली. पुढचे दोन महिने चारी बिऱ्हाडं त्या भाताला वळसा घालून पाण्याला जात होती, आणि माळ्यावर बसून दादूस डुकरांची वाट बघत होता. आता सगळ्यांना रायफल ठाऊक झाली होती, तेव्हा तिचा इतिहासही सांगायचा. राजापूरकरांना सांगितलं, एका राजानं दिली. सातारकरांना, पैजेत जिंकली. मला सांगितलं, खाजणात रुतणाऱ्या गोऱ्या साहेबाला मी खांद्यावर घेऊन बाहेर काढला, त्यानं बक्षीस दिली. मी ते ऐकताना मनातल्या मनात त्यात मावळता सूर्य घातला.

भादव्यात अव्वल कारकून आले. भात पोटरीला आलं होतं, लोंबी फुटायच्या बेतात. त्यांनी पावलं टाकून शेत मोजलं: नऊ पावलं लांब, चार रुंद. मग दादूसकडं बघितलं. दादूस धुतलेली बंडी घालून, हात जोडून भाताच्या कडेला उभा होता, लेक दाखवायला आणलेल्या बापासारखा. अव्वल कारकुनांनी एक उसासा टाकला, पेन्सिल काढली आणि म्हणाले, रानडुकरांचा उपद्रव आहे का? शेजाऱ्यांपैकी कुणी एकानं 'हो' म्हटलं तरी पुरे.

नुसतं 'हो'. राजापूरकरांनी तोंड उघडलंही होतं. ते साधे गृहस्थ, त्यांनी 'होय' म्हटलं असतं आणि विषय संपला असता. पण केलेल्या पापाचं परिमार्जन आपणच करायचं, असं मी ठरवून बसले होते. मी पुढं झाले.

"साहेब, उन्मत्त श्वापदांचे कळप ह्या कोवळ्या पिकावर तुटून पडतात," मी म्हटलं, "आणि त्या पिकाचा करुण हंबरडा भिंतीभिंतींतून झिरपतो."

पेन्सिल थांबली.

"भाताचा हंबरडा?"

मी मान हलवली.

"बाई, हा हंबरडा झिरपताना मी ह्याआधी वाचलाय." त्यांनी चष्मा वर सरकवला. "डुक्कर तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?"

"पाहिलं."

"शिंगं केवढी होती?"

मी हातानं दाखवली. चांगली वीतभर.

पेणकरांच्या धाकट्या भावानं कपाळावर हात मारला. अव्वल कारकुनांनी कागदावर काय लिहायचं ते लिहिलं, आणि ह्या खेपेला चहा न घेता गेले.

दादूस माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "टेंभीनाका, ती चिठी तुझी?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. बोळा कोंबल्यासारखं म्हणणार होते, पण जाऊ दे. मी होय म्हटलं, आणि आता हा आपल्याला खोली सोडायला सांगणार म्हणून भांडी मोजायला लागले. तो ओट्यावर बसला आणि मला समोर बसवून म्हणाला, काय काय लिवलीस, सांग. मला चारही पानं पाठ होती. स्वतःचं लेखन मला नेहमी पाठ असे. मी म्हणून दाखवलं. 'शृंखलांचा खणखणाट' आला तिथं त्यानं मला थांबवून परत म्हणायला लावलं. वयनी हसून हसून ओट्यावरून घसरायची बाकी राहिली. 'कठोरहृदयी थोरली' आल्यावर मात्र तिचं हसू थांबलं, आणि पुढं आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबरच होतं.

नवरात्र बसायच्या आधी धाकली जमा करायची होती. ती परत आली नाही, हे आताच सांगून टाकते, म्हणजे कुणी आशेवर राहायला नको. निघायच्या सकाळी वयनीनं तिला आपलं नवं कोरं लुगडं नेसवलं, म्हणजे गुंडाळलं, आणि हळदकुंकू लावून तांदूळ, नारळ आणि खणानं तिची ओटी भरली. सवतीची पाठवणी. "चाळीस वर्सा नांदली घरान," एवढंच म्हणाली. मग बैलगाडी जुंपली आणि आम्ही तिघं कल्याणला निघालो. मला दादूसनंच बरोबर घेतलं होतं. म्हणाला, "तू लिवलीस ना. आथा कागूद पन तूच लिव."

कचेरीत जमा करण्याचा एक छापील कागद होता. ह्यांनी तो आणून दिला आणि लांब जाऊन उभे राहिले. त्यात एक रकाना होता, 'वस्तूचे वर्णन'. रुंदी बोटभर. मी लिहिलं: जुनी रायफल, नग एक. शिपाई आला, लुगडं, नारळ आणि खण वयनीच्या हातात परत दिले, कारण सरकार तेवढं जमा करून घेत नाही, आणि रायफल आत घेऊन गेला. आत लोखंडी दार लावल्याचा आवाज आला. दादूसचे दोन्ही हात अजून पुढंच होते, तिला तोलून धरल्यासारखे.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, काय लिवलीस? मी वाचून दाखवलं.

"बस?"

मी टाकाचं टोक पुसलं.

"नव्हती त्या बाईवर चार पाना लिवलीस," तो म्हणाला, "न् हाय तिच्यावर चार शब्द?"

आयुष्यात माझ्या लिहिण्यावर पुढं पुष्कळांनी मतं दिली. ह्याच्या जवळपास कुणी पोचलं नाही.

मी ह्यांच्याकडं गेले आणि पुरवणीचं पान मागितलं. सरकारी कागद घरच्या माणसाला द्यायचा नाही हा त्यांचा नेम. त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि दोन पानं काढून दिली. आम्ही तिघं कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसलो, दादूस मध्ये. मी म्हटलं, "तू सांग. तू सांगशील तेवढंच मी लिहिते."

आणि मग त्यानं खरं सांगितलं. साहेब रुतलाबितला नव्हता. खाजणात डुकराच्या शिकारीला आला होता. डुक्कर आलं तसा साहेब रायफल टाकून पळाला. ती चिखलात गेली. दादूसनं ती ओहोटीला हातानं चाचपून काढली, महिनाभर तेल लावून लावून गंज उतरवला, आणि परत द्यायला ठाण्याला चालत गेला. तिला बघून साहेबाचं तोंड लाल झालं. त्याच्या बटलरनं सांगितलं, साहेब बोलतोय ही तूच ठेव, पण काय झालं ते कुणाला बोलाचा नय. "मना वचन घेतला. मी बोल्लू नय," दादूस म्हणाला. "राजा सांगितला, पैज सांगितली, पन साहेब पलाला ते कंदी नय सांगितला. आथा साहेब गेला, त्यांचा राज गेला, ती पन गेली. आथा लिव."

प्रत्येक वाक्याला मी विचारत होते, असंच ना? मध्येच मी 'भयभीत' साहेब लिहिलं. त्यानं ते मला वाचायला लावलं आणि म्हणाला, भयभीत कशाला, पलाला म्हन. मी खोडलं.

शेवटी तिनं काय काय मारलं त्याची यादी आली. तो बोटांवर मोजत होता. डुकरं एकवीस. कोल्हे तीन. मग थांबला.

"न् कुत्रा एक," तो हळू आवाजात म्हणाला. "चुकून."

"लिहू?" मी विचारलं.

"लिव. खरा लिवाचा ठरलाय ना."

बाकाच्या पलीकडच्या टोकाला वयनी नारळ मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वळवली. "कंचा कुत्रा?"

दादूस खाडीकडं बघायला लागला. कल्याणच्या कचेरीच्या व्हरांड्यातून खाडी दिसत नाही.

"माझे माहेरचा?" ती नारळासकट उभी राहिली. "तीस वर्सा मना सांगतस, त्याला वाघानं नेला म्हनून?"

सरकारी कामकाजाबद्दल, कारकुनाची बायको म्हणून, मी जन्मभर पुष्कळ वाईट बोलले आहे. पण हत्यार तासाभरापूर्वीच जमा होऊन त्याच्यावर कुलूप पडलं होतं, ह्याबद्दल त्या दिवशी मी सरकारचे मनापासून आभार मानले.